सात लक्सचा कॅमेरा

साठ वॅटचा बल्ब नागपुरात साठ वॅटचाच उजेड देतो. पांढुर्ण्यात संध्याकाळी सातला तोच बल्ब आतली तांबडी तार दाखवतो आणि गप्प बसतो. हे ज्याला ठाऊक नाही त्यानं आमच्या गावात फोटोचा धंदा करू नये. कुसुमला पक्कं ठाऊक होतं. म्हणून अठ्ठ्याऐंशी सालच्या जानेवारीत ती व्हिडिओ कॅमेरा घ्यायला नागपूरला निघाली, तेव्हा पिशवीत पोळी-भाजीच्या डब्याशेजारी तिनं पंधरा वॅटचा एक बल्ब घेतला. जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळून, होल्डर आणि वायरीसकट.

पॅसेंजरमध्ये शेजारच्या बाईनं पिशवीत डोकावून विचारलंच, "माय, बल्ब काहून नेऊन राहिल्या वो? नागपुरात भेटत नाई का?"

"भेटते. पण आमच्या घरच्यासारखा मिणमिणता उजेड नाई भेटत तिथं."

ती बाई जरा सरकून बसली. एकटी बाई, कपाळ मोकळं, पिशवीत बल्ब. काय समजायचं ते ती समजली असेल. कुसुमनं खिडकीकडे तोंड केलं. गाडी तिगावकडून आली होती. तिगाव म्हणजे तिच्या नवऱ्याचं गाव. त्याच्या वाटणीचा शेताचा तुकडा आठ दिवसांपूर्वीच तिनं दिराच्या नावावर करून दिला होता, आणि त्याचे पैसे आता पोलक्याच्या आतल्या खिशात होते. मागं त्या बाजूला तिनं एकदाही पाहिलं नाही.

कुसुम म्हणजे श्रावण फोटोवाल्याची बायको. पांढुर्ण्यात पुंडलिकरावांच्या घराची रस्त्याकडची खोली भाड्यानं घेऊन श्रावणनं स्टुडिओ टाकला होता. मागच्या खोलीत बिऱ्हाड, मध्ये डार्करूम. एक्क्याऐंशी साली काविळीनं तो गेला. मूलबाळ नव्हतं. तेराव्याला, नाही, यांच्यात तेरावं नसतं, पुण्यानुमोदनाच्या दिवशी दीर हिरामण म्हणाला, "वयनी, सामान इकून टाका अन् चाला तिगावले." कुसुम म्हणाली, "फोटो काढता येत नाई मले, धुता येते. धुता धुता काढणंबी येईन." आणि आलं. कसं आलं ते विचारू नका. पहिल्या वर्षी निम्म्या वऱ्हाडाची मुंडकी कापली गेली, लोकांनी शिव्या घातल्या, तिनं ऐकून घेतल्या.

बाई फोटो काढते म्हटल्यावर लोक बोलवायचे, का नाही बोलावणार? बायकांच्या खोलीत परका बाप्या नको असला की कुसुमच. पण बोलावणं वेगळं आणि जवळ उभं राहू देणं वेगळं. तिच्या आपल्या वस्तीत, बौद्धांच्या लग्नात, ती मेणबत्तीच्या बाजूला उभी राहून पांढऱ्या साडीतल्या नवरीचा फोटो घ्यायची, वंदनेत आवाज मिसळायची, कोणी तिला सरक म्हणत नसे. तशी लग्नं वर्षाकाठी चार-पाच. पोट चालायचं ते बाकीच्या गावावर, आणि बाकीच्या गावात हळदीच्या पाटाजवळ विधवा बाई चालत नाही. विधवा म्हणून चालत नाही की आणखी कशासाठी, हे कोणी कधी तोंडानं बोललं नाही आणि कुसुमनं विचारलं नाही. कोणी बोलायच्या आतच ती दोन पावलं मागं सरायची. सात वर्षांत पायांना अशी सवय लागली की पाट मांडलेला दिसला, की पाय आपसूक भिंतीकडे जायचे. फ्लॅश होता, बारा-पंधरा फुटांवरून काम निघत होतं. तर निघत होतं.

आता नलिनीचं सांगतो. पुंडलिकरावांची ही थोरली. मोहगावकडे संत्र्याचा बगीचा, घरात चार भावंडं, आईला उसंत नाही. शाळेतून आली की पोरगी दप्तर फेकून डार्करूममध्ये. लाल बल्बाखाली कागद औषधाच्या पाण्यात टाकला की सेकंद मोजायचं काम तिचं. कागदावर हळूहळू कोणाचं नाक, कोणाच्या मिशा उमटायला लागल्या की ओरडायची, "काकू, आला व आला!" त्या खोलीत दोन माणसं उभी राहिली की खांद्याला खांदा लागायचाच, तेवढीच जागा होती. श्रावण गेल्यावर कुसुमला कोणाचा हात लागत होता तर तो या पोरीचा. हे तिनं कोणाला सांगितलं नाही, पण होतं ते असं होतं.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीपासून व्हिडिओचं खूळ आलं. नागपूरहून एक जण यायचा, खांद्यावर धूड, सोबत हजार-हजार वॅटचे दोन हॅलोजन. ते लागले की मांडवातले बाकी बल्ब मान टाकायचे आणि समोरच्या बाया डोळ्यांवर पदर ओढायच्या. सगळी कॅसेट पाहिली तर निम्मी पदरांचीच. तरी लोकांना व्हिडिओच पाहिजे. कुसुमकडे उरले ते पासपोर्टचे फोटो आणि शाळेचे ग्रुप.

अशात नलिनीचं लग्न ठरलं. मुलगा सौंसरचा, रवींद्र नाव, बँकेत. नलिनी एका दुपारी डार्करूममध्ये आली, तिथं सध्या काम नव्हतंच, आणि स्टुलावर बसून म्हणाली, "काकू, लग्नाचा व्हिडिओ बाबानं नागपूरवाल्याले सांगतला. पण हळदीत मले तो बाप्या नाई पायजे. हळद तू घे."

"माह्याजवळ कुठचा व्हिडिओ?"

"घेऊन टाक ना मंग. पाय, हळद म्हण, डोहाळजेवण म्हण, बायांचं काही असलं की कोण बाप्याले आत घेते? सारं तुलेच भेटीन. पयली हळद माही."

कुसुम हसली. मग म्हणाली, "तुह्या आत्याबाई उभं राहू देतीन का मले?"

"आत्याले मी सांगते. हळद माही हाय का आत्याची? तू माह्या बाजूले उभी राह्यजो, हात लावला त लागला पायजे इतकी जवळ. मी पाटावर बसून अशी पाहीन तुह्याकडे." आणि पोरीनं डोळे मोठे करून दाखवले.

त्या संध्याकाळी कुसुमनं चूल पेटवलीच नाही. सकाळची पोळी चहात बुडवून खाल्ली आणि बसून राहिली. पन्नास वेळा तेच वाक्य मनात घोळवलं. हात लावला तर लागला पाहिजे इतकी जवळ. दुसऱ्या दिवशी तिनं दिराला निरोप धाडला.

तर नागपूर. सीताबर्डीच्या एका माडीवरच्या दुकानात भगवंतराव म्हणून गृहस्थ होते. जन्मभर फोटोग्राफी केलेली, डोळे थकल्यावर कॅमेरे विकायला बसलेले. त्यांनी बाई पाहिली, पिशवी पाहिली आणि सभ्यपणानं विचारलं, "साहेब मागून येताहेत का?"

"साहेब सात वर्षं झाले गेले. कॅमेरा मलेच चालवायचा हाय."

भगवंतराव उठून उभे राहिले, चुकलं असं म्हणाले आणि त्यांनी दोन कॅमेरे काचेवर मांडले. दोन्ही खांद्यावर ठेवायचे, दोन्हींत कॅसेट आतच बसायची. पहिल्याच्या पोटात काचेची नळी. खोक्यावर लिहिलेलं, सात लक्स. "लक्स म्हणजे उजेडाचं माप, बाई. आकडा जितका कमी तितक्या अंधारात याला दिसतं. पण झूम नावापुरता आहे, तिप्पट. अन् दिव्यावर रोखून धरला तर नळीवर डाग बसतो, तेवढं सांभाळायचं." दुसरा नव्या पद्धतीचा, नळी नाही, चिप. झूम दहापट. रस्त्यापलीकडच्या माणसाच्या गळ्यातला ताईत दिसेल असा. पण त्याला वीस लक्स लागत.

"मले दाखवा चालवून," कुसुम म्हणाली.

भगवंतरावांनी कॅमेरा टीव्हीला जोडला. दुकानात सहा ट्यूबलाइट लखलखत होत्या; दोन्हींत चित्र एकदम झ्याक. गिऱ्हाईक इथंच फसतं. कुसुम म्हणाली, "ट्यूबा बंद करा." त्यांनी केल्या. "ते खिडकीचं पान लावून घ्या." लावलं. मग तिनं पिशवीतून पातळाचा तुकडा काढला, तो उलगडला, बल्ब होल्डरमध्ये बसवला आणि म्हणाली, "हा लावा. आमच्याकडे हळद लागते तवा इतकाच उजेड राहते."

भगवंतराव त्या बल्बाकडे पाहतच राहिले. "तीस वर्षांत असं गिऱ्हाईक नाही आलं," म्हणाले. दुकानातला दुसरा नोकर फिस्सकन हसला, त्याला त्यांनी असं काही पाहिलं की तो जिना उतरून चहा सांगायला गेला.

पंधरा वॅटच्या उजेडात भगवंतराव भिंतीशी उभे राहिले. नळीवाल्या कॅमेऱ्यातून त्यांचा चेहरा टीव्हीवर आला. थोडा दाणेदार, कडेला सावळा, पण कपाळाच्या आठ्या, चष्म्याची दांडी, डोळ्यांतली ओल सगळं दिसत होतं. "त्याला पांढरं काही दाखवा म्हणजे रंग बरोबर येतील," ते म्हणाले. कुसुमनं आपला पदर भिंगासमोर धरला. पातळ जवळपास पांढरंच होतं. रंग जागेवर आले. दुसऱ्या कॅमेऱ्यातून तेच भगवंतराव चिखलात उभे असल्यासारखे दिसले, आणि झूम लांबवत नेला तसे आणखी बुडत गेले. "झूम ताणला की भिंग उजेड खातं," ते म्हणाले. "खोक्यावरचा आकडा जवळच्या चित्राचा असतो. लांबच्याचा कोणी छापत नाही."

आता बघा, इथं सगळं प्रकरण आलं. एक कॅमेरा अंधारात पाहतो, पण जवळ गेलं तर. दुसरा दूरचं ओढून आणतो, पण भरपूर उजेड असला तर. दोन्ही करणारा कॅमेरा असतो म्हणे, टीव्ही केंद्रवाल्यांकडे. त्याच्या किमतीत पुंडलिकरावांचा बगीचा आला असता.

कुसुमनं दोन्ही आळीपाळीनं खांद्यावर घेतले. सात वर्षं ती जिथं उभी राहत आली होती ती जागा तिला पाठ होती. भिंतीशी. त्या जागेसाठी दहापट झूमवाला घ्यावा आणि सोबत हॅलोजन, असं धंद्याचं शहाणपण सांगत होतं. भगवंतरावांनीही नेमकं तेच विचारलं, "तुम्ही उभ्या कुठं राहणार, त्यावर आहे."

तिनं दहापट झूमवाला काचेवर परत ठेवला. मग म्हणाली, "नवरीजवळ."

"मग सात लक्सवालाच घ्या. डोळे मिटून घ्या."

घेतला.

पंधरा दिवस तिनं कॅमेऱ्यावर हात बसवला. घरात दुसरं कोण होतं? संध्याकाळी बल्ब लावून तिनं चूल घेतली, भिंतीवरच्या बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरी घेतल्या, श्रावणचा हार घातलेला फोटो घेतला. व्हिडिओ पार्लरवाल्याकडे जाऊन लावून पाहिलं तर चित्र छान होतं, पण सगळ्या कॅसेटभर आवाज एकच, तिच्या श्वासाचा. एकदा तिनं कॅमेरा टेबलावर ठेवला, चालू केला आणि समोर जाऊन बसली. पडद्यावर एक पंचेचाळिशीची बाई दिसली, हात मांडीवर घेऊन, कोणी काही विचारेल म्हणून वाट पाहत असल्यासारखी. पार्लरवाला म्हणाला, "कुसुमबाई, याच्यात काहीच होऊन नाई राहिलं." तिनं कॅसेट काढून घेतली आणि त्यावर पुन्हा चुलीचं चित्र भरलं.

हळदीचा दिवस उजाडला. पुंडलिकरावांच्या अंगणात मांडव, मांडवाच्या मधोमध पाट, तिकडे विहीर, आणि या टोकाला न्हाणीची भिंत. संध्याकाळी व्होल्टेज पडला तो पडलाच. मांडवातले बल्ब लालबुंद होऊन बसले. नागपूरवाला असता तर हात चोळत बसला असता. कुसुम मात्र खूश. तिचा कॅमेरा अशाच संध्याकाळसाठी होता! धुवट पातळ नेसून, कॅमेरा खांद्यावर घेऊन ती मांडवात शिरली. नलिनी पाटावर बसलेली होती. पिवळं लुगडं, केस मोकळे, ओटीत तांदळानं भरलेल्या मुठी. चार सवाशिणी आंब्याची पानं घेऊन तयार. कुसुम पाचव्या बाईच्या जागेपर्यंत पोचली. पाय मागं जायला बघत होते, तिनं त्यांना दटावलं. आज नाही म्हणाली. आज मला बोलावलं आहे.

तेवढ्यात शकुबाई आल्या. नलिनीची ही आत्या, हळदीची सारी सूत्रं त्यांच्या हातात. आणि खरं सांगतो, बाई वाईट नव्हती. वाईट असती तर सोपं गेलं असतं. त्यांनी कुसुमच्या कोपराला हातसुद्धा लावला, मायेनं. "कुसुमबाई, अथी गर्दीत कुठी चेपता वो! तुमच्यासाठी खुर्ची टाकली ना मी तिकडे, न्हाणीपाशी. आरामात बसा, अन् तिथून घ्या. तिथून सारं दिसते."

"नलिनी म्हणे का..."

"हो हो, तिनं सांगतलं मले. म्हणूनच त खुर्ची टाकली."

कुसुमनं नलिनीकडे पाहिलं. नलिनीनंही पाहिलं. दोघींमध्ये चार हात अंतर नव्हतं. पोरीचे ओठ हलले. सगळ्या बायांचे डोळे तिच्यावर होते, आई दारात उभी होती, सासरकडून आलेल्या दोन बाया उष्टी हळद घेऊन मांडवाच्या तोंडाशी थांबल्या होत्या. एक शब्द पुरला असता. आत्या, काकू इथंच राहील. नलिनीनं मान खाली घातली आणि मुठीतल्या तांदळांकडे पाहत बसली.

काय करायचं असतं माणसानं अशा वेळी? तंटा करायचा? पोरीच्या हळदीत? कुसुम मागं सरली. दोन पावलं नाही, चाळीस. न्हाणीच्या भिंतीपाशी खुर्ची होती, तिच्यावर गादीसुद्धा घातलेली. ती बसली नाही. कॅमेरा डोळ्याला लावला. झूम तिप्पट होता तेवढा ताणला. त्या भोकातलं चित्र काळं-पांढरं असतं, हे बघणाऱ्याला ठाऊक नसतं. सगळं अंगण पिवळं झालं होतं, आणि त्यात कुसुमला एकटीला हळद राखाडी दिसत होती. बायांच्या पाठी दिसत होत्या. पाठींच्या फटीतून मधूनच एक हात, एक पान, नलिनीच्या केसांची कड. गाणी चालू होती, हसणं चालू होतं, कोणी तरी कोणाच्या गालाला हळद फासली आणि एकच गलका झाला. तिला चहा आला, लाडू आला, शकुबाई दोनदा येऊन "दिसून राहिलं ना वो नीट?" असं विचारून गेल्या. दोन्ही वेळा ती हो म्हणाली.

कॅमेऱ्याची मात्र काही तक्रार नव्हती. त्यानं त्या मेल्या उजेडात सगळं टिपलं. विहिरीचा रहाट, मांडवाची जांभळाची डहाळी, दूर ओसरीवर पेंगलेलं पोर. जे समोर ठेवलं ते त्यानं पाहिलं.

लग्न झालं. ते नागपूरवाल्यानं घेतलं. पंधरा दिवसांनी सौंसरहून निरोप आला, हळदीची कॅसेट घेऊन या, व्याही मंडळींना पाहायची आहे, आणि लावून द्यायला तुम्हीच या. कुसुम सकाळच्या एसटीनं गेली. दोन्ही बाजूंना संत्र्याला फूल आलं होतं, बसमध्ये वास भरला होता. तिला वाटलं, नलिनी आता भेटेल. आता तिच्या घरची ती बाई झाली. काही तरी बोलेल.

बैठकीत आहेरातला नवा रंगीत टीव्ही, भाड्यानं आणलेला व्हीसीआर, सतरंजीवर बारा-पंधरा माणसं. नलिनी स्वयंपाकघराच्या दाराशी डोक्यावर पदर घेऊन उभी. कुसुमला पाहून हसली, "काकू, बसमध्ये त्रास नाई ना झाला?" असं विचारलं, आणि दारातच राहिली.

कॅसेट लागली. पहिली दहा मिनिटं वाहवा. "बापरे! दिवे गेले होते ना वो, तरी किती दिसून राहिलं!" "ते पाहा, ते विहिरीजवळ मामा हायेत!" लोकांनी माणसं ओळखली, हसले. मग हळूहळू गप्प होत गेले. नलिनीच्या सासूबाई, विजयमालाबाई, पुढं सरकून बसल्या, चष्मा पुसला, आणि शेवटी म्हणाल्याच, "सारा गाव दिसून राहिला, नवरीचं तोंड कुठी हाय? इतकी दूर जाऊन काहून घेतलं बाई तुमी? जवळ जाता नोयतं येत?"

अगदी साधा प्रश्न. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

कुसुमनं दाराकडे पाहिलं. मनात म्हणाली, बोल पोरी. आता तर आत्या नाही इथं. नलिनी पडद्याकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते, हे कुसुमला दिसलं. सात वर्षं दुरून माणसं पाहण्यात गेलेल्या बाईला तेवढं दिसतंच. पण ती बोलली नाही. आणि टीव्हीवर पाठींच्या मागं लपलेल्या नवरीला चौथी सवाशीण हळद लावत होती.

"कॅमेरा घ्यालेच चुकली मी," कुसुम म्हणाली. "याले दूरचं येत नाई."

"असं व्हय," विजयमालाबाई म्हणाल्या. "मंग बदलून घ्या बाई. धंद्याचं हाय."

जेवण करून जा म्हणाले. ती जेवली नाही. नलिनी फाटकापर्यंत आली, हातात पिशवीभर संत्री दिली आणि बारीक आवाजात म्हणाली, "काकू, मी म्हणणारच होती व. पण सारे पाहून राहिले होते." कुसुमनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि जाते म्हणाली. बसमध्ये बसेपर्यंत तिला काही झालं नाही. बस सौंसरच्या बाहेर पडली आणि तिला इतका राग आला, इतका राग आला की संत्र्यांची पिशवी तिनं पायानं सीटखाली लोटली. शकुबाईंचा नाही. शकुबाई होत्या तशा होत्या. पोरीचा आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा आला. पंचेचाळीस वर्षांची घोडी, एका पोरीच्या बोलण्यावर नवऱ्याचं शेत देऊन बसली! मग राग उतरला आणि रडू आलं. शेजारच्या सीटवर कोणी नव्हतं, म्हणून तिनं ते थांबवलं नाही.

आठवड्यानं ती पुन्हा सीताबर्डीच्या माडीवर होती. भगवंतरावांनी तिला ओळखलं, बल्ब आणला का म्हणून थट्टा केली. तिनं कॅमेरा काचेवर ठेवला. "हा घ्या अन् तो चिपवाला द्या. तोटा जो व्हईन तो होऊ द्या."

भगवंतरावांनी कॅमेरा उलटसुलट करून पाहिला. "नळीवर डाग पडला का?"

"नाई."

"अंधारात दिसत नाही का? मी तर तुमच्यासमोर..."

"सारं दिसते जी. लय चांगला हाय. जवळून घेणाऱ्याले द्या." भगवंतराव वाट पाहत राहिले, म्हणून तिला पुढचं बोलावं लागलं. "मीच मले त्याईच्यातली समजून चालली होती."

भगवंतराव उठले. खोकं आतून घेऊन आले. "याला उजेड लागेल, बाई. हॅलोजन घ्यावा लागेल सोबत."

"उजेडाचं काई नाई. उजेड मांगितला त देते लोक."

मग तिनं त्यांना सांगितलं, खाली जा, रस्त्यापलीकडे त्या लिंबाखाली उभे राहा. म्हातारा माणूस, पण गेला बिचारा, जिना उतरून, सायकली चुकवून. कुसुमनं खिडकीतून कॅमेरा रोखला आणि झूमचं बटण दाबून धरलं. भगवंतराव सरकत सरकत आले. आधी अंगरखा, मग खांदे, मग नुसता चेहरा, दाढीचे पांढरे खुंट, चष्म्यामागचे पाणीदार डोळे, इतके जवळ की तिचा हात आपोआप पुढं झाला. तो खिडकीच्या गजाला लागला. तिनं डोळा काढला. भगवंतराव होते तिथंच होते, रस्त्याच्या पलीकडे, एवढेसे, आणि हात हलवून विचारत होते, दिसतं का म्हणून.

"दिसते," ती म्हणाली. एवढ्या दुरून त्यांना ते ऐकू गेलं नाही.